शोक करायलाही आवाज लागतो : ‘अ क्वाएट प्लेस’ या भयपटाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या टिळकवाडीतील एका स्नेह्यांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, आम्ही पंधरा-वीस जण महिन्यातून एकदा चित्रपट पाहतो आणि नंतर चहा घेत त्यावर बोलतो. ‘अ क्वाएट प्लेस’ हा इंग्रजी भयपट तिथे आतापर्यंत तीनदा दाखवून झाला. तिन्ही वेळा मंडळी वेगळी होती. कोणी शहरातले होते, कोणी खानापूर आणि निपाणीकडून आलेले होते, आणि एकदा चंदगडहून एक निवृत्त शिक्षक मुद्दाम आले होते. प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा तेच निघाले. ते प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरांत कथानक शेवटापर्यंत उघड केलेले असल्यामुळे, ज्यांना काहीही माहीत नसताना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी तो आधी पाहावा आणि मग हे वाचावे.

प्रश्न : चित्रपटाची गोष्ट थोडक्यात काय आहे?

हा अमेरिकी चित्रपट २०१८ साली प्रदर्शित झाला आणि तो दीड तासाचा आहे. जॉन क्रॅसिन्स्की यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून वडिलांची भूमिकाही त्यांचीच आहे. आईची भूमिका करणाऱ्या एमिली ब्लंट या प्रत्यक्षातही त्यांच्या पत्नी आहेत. ज्यांना काहीच दिसत नाही पण ऐकू मात्र विलक्षण येते, अशा हिंस्र प्राण्यांनी पृथ्वीवर धुमाकूळ घातला आहे. कुठे आवाज झाला की ते क्षणात झडप घालतात. बहुतेक माणसे मेलेली आहेत. शेतावर राहणारे ॲबट कुटुंब अजून तगून आहे आणि त्याचे एक कारण असे की, थोरली मुलगी रेगन हिला ऐकू येत नसल्यामुळे घरातल्या सर्वांना खुणांची भाषा येते. पायवाटेवर वाळू पसरून ते अनवाणी चालतात, कोणती फळी कुरकुरत नाही तिथे रंगाची खूण करून ठेवतात आणि ताटे-चमचे न घेता पानांवर हाताने जेवतात. (पत्रावळीवर जेवलेल्या आमच्या मंडळींना या दृश्याचे काहीच वाटले नाही, ‘एवढे तरी आपल्याला जमले असते,’ असे एक काकू म्हणाल्या.) आरंभीच्याच प्रसंगात धाकटा मुलगा बो मारला जातो. पुढची कथा त्यानंतर वर्षभराहून अधिक काळाने घडते. पडद्यावर आधी ८९ वा दिवस असे लिहून येते आणि त्यानंतर ४७२ वा.

प्रश्न : हा तर भयपट आहे. प्राणी येतात, माणसे जीव मुठीत धरून पळतात. त्यात शोकाचा विषय कुठून आला?

तो त्या दोन आकड्यांच्या मधून आला. ८९ आणि ४७२ यांच्यामध्ये ३८३ दिवस जातात आणि चित्रपट त्यातला एकही दिवस दाखवत नाही. पोटचे मूल डोळ्यांदेखत गेल्यानंतरचे पहिले वर्ष, म्हणजे ज्या वर्षात घरातले सण होत नाहीत आणि वर्षश्राद्ध झाल्याशिवाय जे वर्ष संपल्यासारखे वाटत नाही, ते सगळे वर्ष गाळलेले आहे. आपण घरात शिरतो तेव्हा त्या वर्षाचा फक्त गाळ उरलेला दिसतो. मुलीला वाटते की वडील आपला तिरस्कार करतात. वडील तळघरात बसून तिच्या कानाच्या यंत्राची दुरुस्ती करत राहतात. हे यंत्र म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, आणि ते काही केल्या चालत नाही. मधला मुलगा मार्कस सावलीलाही भितो. आई घर झाडते, कपडे धुते, मुलाला गणित शिकवते. बोविषयी कोणीही कोणाशी एक शब्द बोललेले नाही.

या चित्रपटाचे खरे कौशल्य मला इथे दिसते. प्राण्यांच्या भीतीने माणसे गप्प आहेत हे तर उघडच आहे, पण प्राणी नसते तरी हे घर असेच गप्प राहिले असते. खुणांनी बोलायला त्यांना कोणी अडवलेले नव्हते. जेवण, वाळू, औषधे, अभ्यास अशा सगळ्यांवर ते हातांनी बोलतात, फक्त एका विषयावर हात थांबतात. जीव वाचवण्यासाठी पाळलेले मौन कोणते आणि दुःखाने बसलेले मौन कोणते, हे त्यांचे त्यांनाही वेगळे करता येत नाही.

प्रश्न : एवढ्या लहान मुलाला सुरुवातीलाच मारण्याची काय गरज होती? हे क्रूर वाटते.

क्रूर आहेच. तरीही ज्या रीतीने तो प्रसंग रचला आहे, ती पाहण्यासारखी आहे. मार्कस आजारी असल्यामुळे कुटुंब ओस पडलेल्या गावातल्या औषधांच्या दुकानात आलेले आहे. धाकट्या बो याला तिथे एक खेळण्यातले यान आवडते. ते आवाज करते म्हणून वडील त्याच्या हातून घेतात, त्यातल्या बॅटऱ्या काढतात आणि दोन्ही वस्तू तिथेच ठेवतात. वडिलांची पाठ वळल्यावर रेगन भावाचा हिरमुसलेला चेहरा पाहून यान त्याला परत देते. ती गेल्यावर तो पोर बॅटऱ्याही उचलतो. परतीच्या वाटेवर पुलापाशी यान वाजू लागते. आजारी मार्कस वडिलांच्या कडेवर आहे, बो सर्वांच्या मागे आहे, आणि वडील धावतात तरी पोहोचत नाहीत.

यातली सर्वांत जीवघेणी गोष्ट अशी की रेगनला तो आवाज ऐकूच येत नाही. आई-वडिलांचे चेहरे पाहून तिला कळते की मागे काहीतरी घडले आहे. आई स्वतःचे तोंड दोन्ही हातांनी दाबून धरते. लेकरू गेल्यावर आईच्या तोंडून जो हंबरडा फुटायचा, तो तिने स्वतःच्या हातांनी आत कोंबला. यापुढचा सगळा चित्रपट त्या कोंबलेल्या हंबरड्याचा आहे, असे म्हटले तरी चालेल.

प्रश्न : मग दोष नेमका कोणाचा? मुलीचा, वडिलांचा, की आईचा?

तिन्ही वेळा सर्वांत जास्त चर्चा याच प्रश्नावर झाली आणि एकदा तर चहा निवून गेला. मुलीने यान दिले म्हणून दोष तिचा, असे काहींचे मत पडते. एवढ्या लहान मुलाला सर्वांच्या मागे चालू देणाऱ्या थोरांचा दोष मोठा, असे इतरांना वाटते. बॅटऱ्या खिशात न टाकता तिथेच ठेवणाऱ्या बापावरही काहींनी बोट ठेवले. मला विचाराल तर हिशेब करणाऱ्या सगळ्यांनी नकळत त्या कुटुंबातल्या माणसांसारखेच वागायला सुरुवात केली होती.

कारण घरात प्रत्येकाने आपापल्या मनात हाच खटला चालवला आहे आणि प्रत्येकाने आरोपीच्या जागी स्वतःलाच उभे केले आहे. रेगनला वाटते की यान आपण दिले. आई मात्र, बाळंतपणानंतर तळघरात, पहिल्यांदाच तोंड उघडते तेव्हा यानाचे नावही काढत नाही. आपले हात मोकळे होते, आपण त्याला उचलून घ्यायला हवे होते, एवढेच ती म्हणते. वर्षभर या बाईच्या मनात काय चालले होते ते त्या दोन वाक्यांतून कळते. आपल्याकडेही कोणी गेले की ‘आदल्या दिवशीच डॉक्टरकडे न्यायला हवे होते’ असे घरातला प्रत्येक जण मनाशी म्हणत असतो आणि दुसराही तेच म्हणतो आहे हे त्याला ठाऊक नसते. आपल्याकडे निदान भेटायला आलेली एखादी म्हातारी बाई ‘तेवढेच आयुष्य होते गं, तुझ्या हातात काय होते’ असे म्हणून ते ओझे थोडे हलके करते. ॲबट कुटुंबाकडे भेटायला येणारे कोणी उरलेलेच नाही.

रेगनचे दुःख वडिलांपर्यंत पोहोचवण्याचे काम शेवटी भित्रा मार्कस करतो. धबधब्याजवळ, जिथे पाण्याच्या आवाजामुळे मोकळेपणी बोलता येते, तिथे तो वडिलांना सांगतो की रेगन स्वतःला दोष देते आहे आणि तुमचे तिच्यावर प्रेम असेल तर ते तुम्ही तिला सांगायला हवे. ज्याला सगळे घाबरट समजतात त्याने घरातले सर्वांत धाडसाचे वाक्य उच्चारावे, हे मला फार आवडले.

प्रश्न : रानात भेटलेला म्हातारा मुद्दाम का ओरडतो? तो प्रसंग नसता तरी चालले असते ना?

तो प्रसंग काढला तर चित्रपटाचा कणाच जाईल. धबधब्यावरून परतताना बाप-लेकांना एक म्हातारा दिसतो. त्याच्या बायकोचे फाडलेले प्रेत समोर पडलेले आहे. वडील ओठांवर बोट ठेवून त्याला विनवतात, पण म्हातारा पूर्ण भानावर राहून, काय होणार हे जाणून, किंकाळी फोडतो आणि मारला जातो.

चित्रपटात लक्षात राहणाऱ्या तीन किंकाळ्या आहेत आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या की सगळी रचना उलगडते. पहिली या म्हाताऱ्याची. त्याला शोक करायचा आहे, शोकाला आवाज लागतो, आणि या जगात आवाजाची किंमत प्राण ही आहे. ती किंमत मोजून तो रडतो. त्याच्या ओरडण्याला आत्महत्या म्हणणे चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. दुसरी किंकाळी आईची. घरात प्राणी शिरलेला असताना ती न्हाणीघरातल्या टबमध्ये एकटी बाळंत होते आणि तिच्या कळा असह्य होतात त्याच क्षणी मार्कसने पेटवलेले फटाके आकाशात फुटतात. त्या दणदणाटाच्या आडोशाने ती ओरडून घेते. पुलावर दाबून धरलेला हंबरडा तिथे सुटतो, असे मला वाटते. निमित्त फक्त जन्माचे आहे. तिसरी किंकाळी वडिलांची. मुले एका गाडीत अडकली आहेत, प्राणी गाडीवर तुटून पडला आहे, वडील जबर जखमी आहेत. ते रेगनकडे पाहून खुणांनी सांगतात की माझे तुझ्यावर प्रेम आहे, ते नेहमीच होते. मग ते ओरडतात, प्राणी मुलांना सोडून त्यांच्याकडे वळतो, आणि मार्कस गाडी उतारावरून सोडतो.

म्हातारा आणि वडील दोघेही ओरडून मरतात. एकाच्या ओरडण्याने रानात आणखी एक प्रेत पडते आणि दुसऱ्याच्या ओरडण्याने दोन मुले वाचतात. म्हणून म्हाताऱ्याला भ्याड आणि बापाला शूर ठरवावे, असे चित्रपट म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. म्हाताऱ्याजवळ वाचवायला कोणी उरले असते तर त्याने तोंड मिटले असते की नाही, हे कोणी सांगावे?

प्रश्न : एवढ्या संकटात त्यांनी मूल होऊ कसे दिले? हा निष्काळजीपणा नव्हे का?

हा प्रश्न विचारताना लोक साधारणपणे हसतात, आणि व्यवहार म्हणून पाहिले तर हसणे रास्तही आहे. पण थोडा हिशेब करून पाहावा. ४७२ व्या दिवशी आईचे दिवस भरत आलेले आहेत. तिथून मागे मोजत गेले तर मूल राहिले ते बो गेल्यानंतर सुमारे चार महिन्यांनी. म्हणजे हे बाळ निव्वळ अपघात असेल किंवा नसेल, ते शोकाच्या ऐन मध्यावर आलेले आहे, एवढे नक्की. आपल्याकडे घरातले माणूस गेल्यावर वर्ष-दोन वर्षांत मूल जन्मले की ‘गेलेला परत आला’ असे म्हणतात आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. चित्रपट मात्र असा दिलासा सहजासहजी देत नाही. बाळाचे रडणे बाहेर जाऊ नये म्हणून वडिलांनी झाकणाची लाकडी पेटी केली आहे आणि आत प्राणवायूची सोय केली आहे. नव्या जिवासाठी केलेली ती पेटी शवपेटीसारखी दिसते, आणि ते चुकून झालेले नसावे.

प्रश्न : धबधब्याजवळच राहायला का गेले नाहीत?

चित्रपट याचे उत्तर देत नाही. पावसाळ्यात ज्यांनी गोकाकचा धबधबा पाहिला आहे त्यांना ही सूचना फार व्यवहार्य वाटते. घटप्रभेचे पाणी ५२ मीटरवरून कोसळत असताना शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते, आणि त्या धबधब्याशेजारी गिरणी व कामगारांची वस्ती पिढ्यान्पिढ्या आहेच. पण तीच मंडळी एप्रिलमध्ये गेली तर त्यांना बहुतेक कोरडा कातळ दिसेल. आवाजाच्या भरवशावर घर बांधायचे तर तो बारमाही हवा.

प्रश्न : जिन्यावरचा तो खिळा कोणी काढत का नाही?

कारण तो काढला असता तर पुढचा अर्धा तास उभा राहिला नसता. आईच्या हातातले कपड्यांचे बोचके त्याला अडकून तो सरळ उभा राहतो, तेव्हापासून आमच्या खोलीतल्या प्रत्येकाचे लक्ष त्या पायरीवर असते. प्रेक्षकांत बसलेल्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांना हे इतके असह्य झाले की ते मोठ्याने ‘अहो, हातोडी!’ असे म्हणाले.

प्रश्न : चित्रपटातली खुणांची भाषा आपल्याकडचीच आहे का?

नाही. ती अमेरिकी चिन्हभाषा आहे आणि भारतीय चिन्हभाषा तिच्याहून वेगळी आहे. सर्वांत सहज दिसणारा फरक असा की अमेरिकी पद्धतीत इंग्रजी मुळाक्षरे एका हाताने दाखवतात, तर भारतीय पद्धतीत दोन्ही हात लागतात. रेगनची भूमिका करणाऱ्या मिलिसेंट सिमंड्स यांना स्वतःलाच ऐकू येत नाही आणि त्यामुळे तिच्या बोटांतला राग, थट्टा आणि फणकारा खरा वाटतो. जिथे कॅमेरा रेगनच्या बाजूने पाहू लागतो तिथे ध्वनीही तिच्या कानांनी ऐकल्यासारखा होतो, आणि यंत्र बंद असले की पडदा अगदी निःशब्द होतो. ध्वनिसंकलनासाठी या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले होते, ते उगीच नव्हे.

घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्हींची मिसळ अशा भागात राहणाऱ्यांना एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळावी. या कुटुंबाने खुणा शिकल्या त्या प्राण्यांपासून वाचण्यासाठी नव्हे. एका मुलीशी बोलता यावे म्हणून ती भाषा घरात आली. पुढे तिच्यामुळे सगळे वाचले. आणि शेवटी प्राण्यांना हतबल करतो तोही तिच्याच कानाच्या यंत्रातून निघणारा कर्कश स्वर. वडिलांच्या तळघरात शिरून त्यांची टिपणे आणि अर्धवट जोडलेली यंत्रे पाहते तेव्हाच रेगनला कळते की वर्षभर हा माणूस आपल्यासाठी काय करत होता.

प्रश्न : आपल्याकडची माणसे अशा शांततेत तगली असती का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आपल्या गोंगाटाची थट्टा असते. मला तो फार गंभीर वाटतो, कारण आपला शोक जवळजवळ सगळाच बोलून आणि रडून करायचा असतो. आमच्या भागातल्या खेड्यांत परगावची लेक किंवा बहीण मयतीच्या घरी येते तेव्हा ती गल्लीच्या वळणावरूनच गळा काढते आणि आतल्या बायका तिला रडण्यानेच उत्तर देतात. रडताना गेलेल्या माणसाचे गुण एकेक करून सांगितले जातात. कानडी शेजारीण मराठी घरात येऊन रडते तेव्हा तिचे सगळे शब्द कळतातच असे नाही, पण त्यावाचून कोणाचे अडलेले मी पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, दहाव्याला पिंड, आणि कावळा शिवला नाही तर ‘तुमच्या लेकीचे लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका’ असे हात जोडून मोठ्याने सांगणे. या सगळ्यांतून आवाज काढून टाकला तर मागे काय उरते?

२०२० साली आम्हाला ते थोडेसे कळले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, अंत्ययात्रेला २० पेक्षा जास्त माणसे नकोत असा नियम आला आणि कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यामधली सीमा बंद झाली. सीमाभागातल्या घरांच्या सोयरिकी या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत. माझी मावशी चंदगड तालुक्यात वारली. तिचे गाव शिनोळी आमच्या घरापासून दुचाकीवर फार तर अर्ध्या-पाऊण तासाचे, पण आम्ही जाऊ शकलो नाही. अंत्यविधी आईने मोबाईलच्या पडद्यावर पाहिला आणि शेजाऱ्यांना कळले तर भेटायला येतील, गर्दी होईल, म्हणून ती पदर तोंडात धरून रडली. दोन वर्षांनी मी हा चित्रपट पाहिला तेव्हा पुलावरची ती आई मला अमेरिकेतली वाटली नाही.

त्याहून जुनी आठवण प्लेगची आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठच्या वर्षांत तो बेळगाव-धारवाडकडेही पसरला. उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, असे माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेले सांगत असे. त्या वेळी केलेला १८९७ चा साथरोग कायदाच २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. आजीच्या गोष्टीत मेलेल्यांची मोजदाद नसे. ‘त्या साली कोणासाठी कोणी धड रडले नाही, झोपडीतून झोपडीत निरोपच जाईना’ एवढेच एक वाक्य असे. तेव्हा तगली असती का, याचे उत्तर ‘तगली होती’ असे आहे. त्या न रडलेल्या रडण्याचे पुढे काय झाले, ते मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

प्रश्न : या कुटुंबाने बोसाठी काहीच विधी केला नाही का?

केला, आणि माझ्या मते तो चित्रपटातला सर्वांत सुंदर भाग आहे. जिथे तो गेला त्या पुलापाशी एक क्रूस उभारून त्याची खेळणी मांडलेली आहेत. वडील धबधब्याकडे मार्कसला नेतात आणि आपल्याला नेत नाहीत म्हणून चिडलेली रेगन एकटीच या पुलापाशी जाते आणि तेच यान काढते. त्याची आवाजाची तार तिने तोडलेली आहे. यानाचा दिवा लागतो, आवाज मात्र होत नाही. ज्या वस्तूने भावाचा जीव घेतला तिच्यातला आवाज काढून, नुसता उजेड ठेवून, ती त्याला परत देते. तिथे कोणी मंत्र म्हणत नाही आणि संगीतही फारसे उसळत नाही. पण काकस्पर्शानंतर घरची माणसे जसा श्वास सोडतात तसा श्वास आमच्या खोलीत तिन्ही वेळा सुटला.

प्रश्न : वडिलांचा त्याग आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांसारखा भावनेला हात घालणारा वाटत नाही का?

थोडासा वाटतो, आणि मला त्या प्रसंगाविषयी एक तक्रारही आहे. मुलीला ‘प्रेम आहे’ हे सांगायला बापाला मरणाची वेळ यावी लागते, ही रचना फार सोयीची आहे. धबधब्यावर मुलाने समजावल्यानंतर घरी येऊन साध्या जेवणाच्या वेळी त्याने ते सांगितले असते तर ते दाखवणे अधिक कठीण आणि अधिक खरे झाले असते. तरीही ते वाक्य हातांनी म्हटले जाते, तोंडाने नव्हे, आणि त्याच्या पाठोपाठ तोंडातून जे निघते त्यात शब्द नसतात, या एका गोष्टीमुळे प्रसंग तरून जातो.

प्रश्न : पुढचे भाग पाहावेत का?

दुसरा भाग मार्च २०२० मध्ये यायचा होता, पण साथीमुळे तो २८ मे २०२१ रोजी आला. त्यात किलियन मर्फी यांनी बायको-मुले गमावलेल्या एका माणसाचे काम केले आहे. शोकाने ज्याने जगाकडे पाठ फिरवली आहे अशा त्या माणसाला रेगन पुन्हा बाहेर काढते. थरार जास्त आहे, शोक कमी. २०२४ चा ‘डे वन’ मात्र अवश्य पाहावा. त्याची नायिका समीरा कर्करोगाने मरणपंथाला लागलेली आहे, त्यामुळे जगाचा अंत होतो तेव्हा वाचण्याची तिला फारशी घाई नसते. लहानपणी वडिलांबरोबर खाल्लेला हार्लेममधला पिझ्झा पुन्हा एकदा खावा, एवढीच तिची इच्छा असते. शेवटी ती हेडफोनची वायर काढून गाणे मोठ्याने वाजू देते. पहिल्या भागातल्या तीन किंकाळ्यांच्या शेजारी चौथे म्हणून हे गाणे ठेवावे. म्हातारा दुःखाने आवाज करतो आणि ही बाई तृप्त होऊन करते, परिणाम एकच.

प्रश्न : घरात नुकतेच कोणी गेले असेल तर हा चित्रपट पाहावा का?

लगेच पाहू नये, विशेषतः मूल गेले असेल तर. पहिली दहा मिनिटे सोसणार नाहीत. काही महिन्यांनी, सोबत कोणी असताना, पाहायला हरकत नाही. आमच्याकडे एका बाईंनी वर्षभराने तो पाहिला आणि नंतर प्रथमच मुलाचे नाव घेऊन त्या बोलल्या. मात्र चित्रपट हे औषध नव्हे. झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तिथे कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.

प्रश्न : लहान मुलांना दाखवावा का?

बारा वर्षांखालील मुलांना दाखवू नये. रक्तपात फार दिसत नाही, पण आई-वडील असतानाही मूल वाचत नाही ही गोष्ट त्या वयात मनात घर करून बसते.

प्रश्न : मोठ्या पडद्यावर पाहावा की घरी?

घरी पाहिला तरी चालेल, पण खोलीत शांतता हवी. पंखा बंद ठेवावा, कुकर आधीच उतरवून घ्यावा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावेत. संवाद इतके थोडे आहेत की इंग्रजी न येणाऱ्यांचेही अडत नाही. आमच्या स्नेह्यांच्या ब्याऐंशी वर्षांच्या आईंना एकही वाक्य समजावून सांगावे लागले नाही. आमची खोली रेल्वेच्या दुसऱ्या गेटापासून जवळ आहे. शेवटच्या खेळाच्या वेळी, पडद्यावरची आई पायात घुसलेला खिळा आणि पोटातली कळ दाबून जिन्यात उभी असताना, बाहेरून जाणाऱ्या गाडीने लांबलचक शिटी दिली. खोलीतल्या सगळ्यांचे हात एकदम तोंडावर गेले, आणि गाडी पार निघून जाईपर्यंत ते तसेच होते.